एस.टी.ने जावे, पायी हिंडावे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले म्हणजे शिवण, पाककृती, मुलांचे संगोपन नाही तर एखादे आख्यान, अशी आपली अपेक्षा असते. मी आज विषय घेतला आहे तो पायी हिंडण्याचा. विषय जाहीर होताच मागच्या रांगेत कुजबुज झाली ती मला ऐकू आली. 'आम्ही काय कमी चालतो?' असे कोणी तरी म्हणाले. प्रश्न रास्त आहे; तेव्हा तिथूनच आरंभ करते.

आपण चालतो खऱ्या, पण कशासाठी? पाण्याला, सरपणाला, रानात भाकरी घेऊन, दळणाला, पोराला शाळेत पोचवायला, दवाखान्याला. हातात, डोक्यावर किंवा कडेवर काही नसताना बाई रस्त्याने निघाली की दारातून विचारणा होते, "का हो वहिनी, कुठं निघालात?" पुरुष माणूस पारावर दोन तास बसला तरी त्याला कोणी कारण विचारीत नाही. बाईच्या चालण्याला मात्र काम जोडलेले असावे लागते. कामावाचून चालणे म्हणजे उंडारणे, असा आपणच आपल्या मनाशी निकाल करून ठेवला आहे.

याला एकच मोठा अपवाद आहे, आणि तो आपल्या तालुक्यातूनच जातो. तुकोबारायांची पालखी सणसर, निमगाव-केतकी, इंदापूर, सराटी अशी मजल दरमजल करीत नीरा ओलांडून अकलूजला जाते. बेलवाडीचे रिंगण, सराटीचे नीरास्नान आपण लहानपणापासून पाहत आलो. त्या पालखीत साठी उलटलेल्या बाया डोक्यावर तुळस घेऊन देहूपासून पंढरपूरपर्यंत चालतात आणि लोक त्यांच्या पाया पडतात. पण त्याच साठीच्या बाईने माघारी आल्यावर, 'रविवारी जरा नीरेच्या काठाने सराटीपासून फिरून येते,' असे म्हणून पाहावे! सून गप्प बसेल, पण मुलगा विचारील, "काय नडलंय?" पाय तेच, रस्ता तोच, नदीही तीच. वारीला देवाचे कारण आहे आणि रविवारच्या फिरण्याला नाही, एवढाच फरक. माझे म्हणणे असे, की आपला मुलूख आपल्या पायांनी पाहणे हेही पुरेसे कारण आहे, आणि ते सांगताना मान खाली घालण्याची गरज नाही.

आता साधनाची गोष्ट. आपल्याजवळ मोटार नाही, आणि घरची मोटारसायकल आपल्या वाट्याला येत नाही. पण एस.टी. आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली गाडी सुटली. तेव्हापासून खेड्यातल्या बाईचे माहेर, बाजार, दवाखाना आणि लेकीचे कॉलेज या गाडीवर अवलंबून राहिले आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात सर्व बायकांना अर्धे तिकीट झाले. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना तर २०२२ च्या ऑगस्टपासून फुकट प्रवास आहे. अर्ध्या तिकिटावरून पारावर थट्टा होते, 'बायका नुसत्या हिंडायला लागल्या' म्हणून. होऊ द्या. खरे म्हणजे त्या अजून हिंडायला लागलेल्याच नाहीत. माहेर, लग्न, देव आणि डॉक्टर यांपलीकडे आपले अर्धे तिकीट फारसे गेलेले नाही.

घराच्या उंबऱ्यापासूनच सुरुवात करू. नरसिंहपूर हे पुणे जिल्ह्याचे आग्नेयेचे टोक. भीमाशंकराहून निघालेली भीमा आणि भोरकडच्या डोंगरातून आलेली नीरा आपल्या पायांशी एकत्र येतात. लांबलांबून लोक आपल्या कुलदैवताला येतात, विंचूरकरांनी बांधलेले देऊळ पाहतात, घाट उतरतात, तीर्थ घेतात आणि परतीची गाडी धरतात. त्यांचे जाऊ द्या. आपल्यापैकी किती जणी घाटाच्या पायरीपासून दोन्ही काठांनी चालत गेल्या आहेत? एके दिवशी मुद्दाम नीरेच्या बाजूने अर्धा कोस आणि मग भीमेच्या बाजूने अर्धा कोस चालून पाहा. दोन नद्यांचे पाणी सारखे नसते. भीमेचे पाणी वरच्या उजनी धरणाच्या हुकमाने चालते, नीरेचे वीर धरणाच्या. कधी एक भरलेली असते आणि दुसरी खडकापर्यंत उघडी पडलेली असते. पावसाळ्यात दोन्ही धरणांनी एकदम पाणी सोडले की आपल्या घाटाचे काय होते ते तुम्हांला सांगायला नको. म्हणून आषाढ ते भाद्रपद काठाची वाट धरायची नाही, हा माझा पक्का नियम. उन्हाळ्यातही पात्र कोरडे दिसले म्हणून आत उतरू नये. वरून पाणी केव्हा सोडतील त्याचा नेम नाही, आणि भीमेत वाळूच्या उपशाने जागोजाग डोह झालेले आहेत. गुडघाभर पाणी वाटते तिथे पुरुष बुडेल.

संगमाची सवय झाली की सराटीकडची वाट घ्यावी. मला विचाराल तर आपल्या भागातली सर्वांत चांगली वाट हीच. बावड्याहून अकलूजची गाडी धरायची आणि सराटीला उतरायचे. आषाढात तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण मार्गशीर्षात त्याच काठावर दोनचार गुरे आणि एखादा मासे धरणारा, एवढीच काय ती वस्ती. तिथून नीरा उजव्या हाताला ठेवून लुमेवाडी, गोंदीच्या अंगाने खाली येत जायचे. कडेला बाभळी, करंज, मधून मधून केळीचे बाग. पाण्यावर खंड्या आणि वंचक हमखास दिसतात. थंडीत तर धोबी पक्षी शेपूट हलवीत अगदी आपल्या पुढे पुढे चालतो, जणू वाट दाखवायला आला आहे. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापुरी बंधारे आहेत. ढापे घातलेले असले म्हणजे वरच्या अंगाला पाणी कसे आरशासारखे उभे राहते आणि खालच्या अंगाला नुसते दगड कसे असतात, ते उभे राहून पाहावे. आपल्या उसाला पाणी कुठून आणि कशाने येते, हे मी त्या बंधाऱ्यावर उभी राहून जितके समजले तितके कुठल्या पुस्तकातून समजले नाही. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर मात्र पलीकडे जाण्याचा मोह धरू नये, मग पलीकडची माणसे कितीही बिनधास्त ये-जा करीत असोत.

सराटीपासून थेट नरसिंहपूरपर्यंत एका दिवसात यायचा हट्ट नको. अंतर बरेच आहे, आणि उन्हे चढली की पायाखालचा फुफाटा तापतो. जिथे दमलो तिथून डावीकडे वर यायचे, बावडा-नरसिंहपूर रस्ता लागतो. या वाटेचा हाच मोठा गुण. नदी आणि सडक एकमेकींपासून फार दूर जात नाहीत, त्यामुळे बाईमाणूस अडकून पडत नाही.

उसाबद्दल एक शब्द. पुरुषभर उंच उसामधून जाणाऱ्या अरुंद वाटेने एकटीने जायला भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. चौघी-पाचजणी असल्या तर निम्मी भीती जाते. राहिलेली निम्मी ऊस तुटल्यावर जाते. म्हणून या वाटा पौष-माघात कराव्यात. तोवर बरेच फड मोकळे होतात, लांबची नजर पडते, आणि फडात तोडणी करणाऱ्या बाया भेटतात. बीडकडून आलेल्या त्या बाया पहाटेपासून मोळ्या बांधीत असतात. त्यांच्यापुढून हात हलवीत जाताना मला संकोच वाटतो हे खरे. पण आम्ही दोन घटका थांबलो की त्याच विचारतात, "कुठल्या तुम्ही?" आणि मग त्यांच्या गावचे, मागे ठेवून आलेल्या पोरांचे बोलणे निघते. एरवी त्यांची आपली गाठ कुठे पडणार होती?

इंदापूरला आपण सदा जातो, पण कचेरीच्या कामाला. तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांकडे मान वर करून कधी पाहिले आहे का? त्या झाडांवर चित्रबलाक घरटी करतात. पिवळी लांब चोच, पांढऱ्या अंगावर काळ्या रेघा आणि शेपटीकडे गुलाबी छटा, असा हा मोठा करकोचा. खाली सातबाऱ्यासाठी माणसांची गर्दी आणि वर पिलांचा कलकलाट, असा तो संसार आहे. तिथून गावातून पायी मालोजीराजांच्या गढीकडे जावे. शिवछत्रपतींचे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले. आपल्या मुलांना रायगड तोंडपाठ असतो, आणि इंदापूरची गढी एस.टी. स्टँडावरून चालत जाण्याइतकी जवळ असून पाहिलेली नसते.

आता उजनीचे पाणी. इंदापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने पळसदेवला उतरावे आणि पाण्याच्या दिशेने चालत जावे. धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमाकाठची किती तरी गावे, मळे, विहिरी, देवळे त्याच्या पोटात गेली. पळसदेवचे पळसनाथाचे जुने दगडी देऊळ त्यांतलेच. एरवी ते पाण्याखाली असते, आणि दुष्काळी उन्हाळ्यात धरण तळ गाठू लागले की वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उघडे पडले तेव्हा लोकांची रीघ लागली होती. आमच्याबरोबर त्या उन्हाळ्यात एक वृद्ध बाई आल्या होत्या. त्यांचे माहेर असेच पाण्याखाली गेलेले. भेगाळलेल्या गाळावरून काठी टेकीत त्या बऱ्याच पुढे गेल्या, आणि एका जागी उभ्या राहून म्हणाल्या, "हितनं आमची वाट वळायची." तिथे वाट नव्हती, झाड नव्हते, काही नव्हते. त्यांना मात्र वळण दिसत होते. धरणाने आपल्या तालुक्याला पाणी दिले, ऊस दिला, साखर दिली, हे मी नाकारीत नाही. पण ते कोणाच्या अंगणावरून दिले हे पाहायला तिथे पायीच जावे लागते. हमरस्त्याच्या गाडीतून नुसते पाणी दिसते.

त्याच पाण्यावर भिगवण-कुंभारगावकडे हिवाळ्यात परदेशचे पाहुणे येतात. रोहित पक्षी, ज्याला कोणी अग्निपंख म्हणतात, हजारोंनी उथळ पाण्यात उभे असतात. हिमालय ओलांडून आलेले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंसही येतात. ते पाहण्यासाठी पुण्यामुंबईहून माणसे मोटारी घेऊन पहाटे पोचतात. आपल्याला तर हे घरच्या तालुक्यात, अर्ध्या तिकिटात आहे. काठाने चालत गेले तरी पुष्कळ दिसते. नावेत बसायचे असेल तर अंगात तरंगणारे जाकीट असल्याशिवाय बसू नये आणि वारा सुटला असेल तर मुळीच बसू नये. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण गेले. तीही रोजच्यासारखीच निघालेली नाव होती.

माळरानाची आवड असेल त्यांनी कडबनवाडीचे नाव ध्यानात ठेवावे. बारामती रस्त्यापासून आत असलेल्या या गवताळ माळावर चिंकारा हरणे आहेत. बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे, पण तिथेही हीच हरणे आहेत. दोन्ही ठिकाणी वनखात्याचे नियम विचारूनच जावे, आणि गप्पा बंद ठेवाव्यात, जे आपल्याला जरा जड जाते. सणसर-भवानीनगरकडे नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरूनही चालता येते. वाट सरळ आहे, चुकायची भीती नाही; मला मात्र ती कंटाळवाणी वाटते. आणि पालखीमार्ग? तो चौपदरी करण्याचे भूमिपूजन २०२१ च्या नोव्हेंबरात झाले. वारीला त्याची सोय होईल, पण एरवी भरधाव गाड्यांच्या कडेने चालण्यात राम नाही. आपण पाणंदीच धराव्यात.

पाणंदींविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण त्या आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत. गावाचा नकाशा तलाठ्याकडे पाहावयास मिळतो. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघांनी आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेघेने दाखविलेली असते. तो नकाशा हातात घेऊन प्रत्यक्ष निघाले की अनेक रेघा उसात जाऊन नाहीशा होतात. कोणी दरवर्षी एक सरी पुढे सरकतो, कोणी काट्या टाकतो, आणि चार पावसाळ्यांनी वाट होती हेच कोणाला आठवत नाही. इंग्लंडात असाच प्रश्न होता. तिथे जमीनदारांनी डोंगरमाळ बंद केले, तेव्हा १९३२ च्या एप्रिलात मँचेस्टरकडच्या कामगार तरुण-तरुणींनी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर बंदी मोडून पायी चढाई केली. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली कायदा होऊन गावोगावच्या सार्वजनिक पाऊलवाटांचे नकाशे करणे तिथल्या स्थानिक मंडळांवर बंधनकारक झाले. आपल्याकडे नकाशा आधीच आहे. अडविलेली वाट खुली करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे, आणि शेताला वाट मागण्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात कलम १४३ आहे. पण ज्या वाटेने कोणी चालतच नाही तिच्यासाठी अर्ज कोण करणार? आणि रानात भाकरी घेऊन जाणारी बाईच त्या वाटेने सर्वांत जास्त चालते. ती बुजली की लांबचा वळसा तिच्याच पायांना पडतो.

एस.टी.चेही तसेच आहे. तिच्या भाषेत 'भारमान' म्हणून एक शब्द आहे. गाडीत किती जागा भरल्या याचा तो हिशोब. भारमान घसरले की फेरीवर कुऱ्हाड येते. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा गाडी नसणे म्हणजे काय ते खेड्यापाड्यातल्या बायकांनी आणि शाळेच्या मुलींनी भोगले. ज्याच्या दारात फटफटी होती त्याचे फारसे अडले नाही. दहा-पंधरा बायका ठरवून महिन्यातून एकदा गाडीने गेल्या तर त्याने महामंडळ श्रीमंत होणार नाही, हे मला कळते. पण आपल्या फाट्यावर उतरणारी माणसे आहेत एवढे तरी कागदावर राहील.

घरच्यांच्या परवानगीचे काय, असे एकीने मला कालच विचारले. मी म्हटले, परवानगी मागू नका, दिवस सांगा. 'जाऊ का?' असे विचारले की समोरच्याला नाही म्हणावेच लागते. 'मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी मी नाही, भाकरी करून ठेवीन, कालवण तुम्ही गरम करून घ्या,' असे आठ दिवस आधी सांगितले तर थोडी आदळआपट होते आणि मिटते. सासूबाईंनाच बरोबर घेतले तर तेवढीही होत नाही. मी अशा दोन सासवा पाहिल्या आहेत, त्या आता सुनांच्या आधी तयार होऊन बसतात.

आणखी एक अडचण आहे, जी आपण चारचौघींत बोलत नाही. बाहेर पडायचे म्हणजे बाईने सकाळपासून पाणी पिणे बंद करायचे, ही आपली रीत. तिच्यामुळे उन्हात चक्कर येते, आणि मागाहून लघवीचे दुखणे जडते ते वेगळे. पाणी बंद करू नये. निघण्यापूर्वी स्टँडावर जाऊन यावे, आणि वाटेत ज्या वस्तीवर बाई दिसेल तिला विचारावे. मला आजवर कोणत्याही घरातून नकार मिळालेला नाही. उलट चहा घेतल्यावाचून सोडीत नाहीत, आणि गाडी चुकते ती अशी!

गाडीवरून आठवले. जाताना पहाटेची मुक्कामाची गाडी बरी. ती रात्री गावातच असते, त्यामुळे वेळेवर सुटते. येताना मात्र शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नये, शेवटच्या आधीची धरावी. म्हणजे ती हुकली तरी एक हाताशी राहते. वेळा स्टँडावर नियंत्रकांच्या खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. वडापच्या जीपने येणे अगदी नाइलाज झाला तर, आणि तेही सगळ्या मिळून. पायांत उंच टाचेची किंवा नवी चप्पल नको. मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट चालतात, लोक हसले तर हसोत. बरोबर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, दोन बाटल्या पाणी, आणि कुत्र्यांसाठी एक काठी. प्लॅस्टिकचा कचरा पिशवीत घालून माघारी आणायचा. काठावर आधीच पुष्कळ आहे.

तर पहिली फेरी सराटीची करावी असे चालक भगिनींशी बोलून ठरविले आहे. मार्गशीर्षातला दुसरा रविवार. पहाटेच्या गाडीने बावडा, तिथून सराटी, आणि जेवढे जमेल तेवढे नीराकाठाने खाली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीही यावे. त्यांच्यासोबत दोघी सडकेच्या बाजूने चालतील आणि आपण बंधाऱ्यापाशी एकत्र भाकरी खाऊ. नावे आजच, हळदीकुंकू घेताना, दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावीत. वयाचा रकाना आहे तो फक्त तिकिटाच्या हिशोबासाठी. पंचाहत्तरीच्या पुढच्या भगिनींनी कार्ड आणायला विसरू नये.